होजीचा नंबर

आमच्या घरात 'नाही' म्हणायचं काम माझ्याकडे होतं. ते कुणी सोपवलं नव्हतं, कळायला लागल्यापासून मीच धरून बसले होते. निर्मला, पाणी आण. नाही. निर्मला, बैल आत बांध. नाही. पाणी शेवटी मीच आणायची आणि बैलही मीच बांधायची, पण आधी नाही म्हटल्याशिवाय माझा पाय उचलायचा नाही. माय म्हणायची, ही पोरगी सासरी गेली की दुसऱ्या दिवशी परत येईल. तशी मी आले नाही, पण ती गोष्ट वेगळी.

घरातले सगळे 'नाही' मी संपवले होते म्हणून की काय, सत्त्याहत्तर साली माझी वहिनी चंद्रकला लग्न होऊन आसगावला आली तेव्हा तिच्या वाट्याला फक्त 'होजी' उरलं. आमच्या झाडीपट्टीत मोठ्या माणसाशी बोलताना शेवटी 'जी' लागतोच. तो गाळला तर आवाज चढवल्यासारखं होतं. वहिनीने तो 'हो'ला असा चिकटवला होता की ते दोन शब्द आहेत हे ध्यानातही यायचं नाही. जेवलीस का? होजी. थकलीस का? होजी. माहेरी उद्या जातेस का परवा? होजी.

मी तिची खूप नक्कल करायची. ती हसायची, रागवायची नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

वहिनी पवनीची. तिचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आणि वर्गात फळा दिसत नाही म्हणून त्यांनी तिला नागपूरला नेऊन चष्मा करून दिला होता. त्या काळी आमच्याकडे चष्मेवाली पोरगी म्हटलं की पाहुणे दारातून परत जायचे. माझे बाबा, मारोतराव, उलट्या खोपडीचे. त्यांना स्वतःला सहीपुरतं अक्षर येत होतं. पोरगी पाहून घरी आले आणि मायला म्हणाले, "चस्मा लावते म्हणजे शिकलेली असन. उगाच कोणी नाकावर काच घेऊन फिरते का?" माझा भाऊ खुशाल, म्हणजे नवरदेव, याला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो होजीच म्हणाला असता.

बाबा वहिनीला कधी टाकून बोलले नाहीत. बाजारातून आले की पिशवी आधी सुनेच्या हातात द्यायचे. पण सासरे ते सासरेच. ते ओसरीवर आले की वहिनीचा पदर कपाळावरून खाली यायचा, मान खाली जायची, आणि उरलेलं बोलणं त्या एका शब्दात व्हायचं. बाबांना चहाचं वेड होतं. दुपारी चहा झाला की म्हणायचे, "सूनबाई, तूही घे." ती म्हणायची, होजी. आणि कप घेऊन मागच्या अंगणात जायची, कारण सासऱ्यासमोर बसून चहा प्यायची रीत नव्हती. बाबांना फार बरं वाटायचं. सुनेला आपल्यासारखीच चहाची आवड आहे, असं ते चार माणसांत सांगायचे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, गर्दीत वहिनीच्या चष्म्याची एक दांडी मोडली. तिथून हे सगळं सुरू झालं.

नागपूर लांब, म्हणून बाबा तिला पवनीच्या बाजारात ताराचंद चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. मी सोबत होतेच, बाजार म्हटला की मी कधी मागे राहायची नाही. ताराचंद कडुलिंबाखाली काचांची पेटी मांडून बसायचा. पूर्वी कुठल्याशा मोठ्या गावात एका दुकानात काचा घासायला होता म्हणे. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सगळं खापर त्याच्यावर फोडाल. त्याने नवी दांडी बसवण्याऐवजी म्हटलं, "आये है तो नंबर भी देख लेते." बाबा म्हणाले, पाहा.

त्याने लोखंडी सांगाडा वहिनीच्या नाकावर चढवला. झाडाच्या बुंध्याला अक्षरांची पाटी टांगलेली. शेजारी बाबा छत्री टेकून उभे. सासरा शेजारी म्हणजे पदर खाली, आणि तो खाली येऊन सांगाड्याच्या वरच्या कडेवर बसलेला. त्या अंधारातून वहिनी पाटीकडे पाहत होती. ताराचंदने एक काच घातली आणि विचारलं, "इससे अच्छा?"

"होजी."

दुसरी घातली. "और इससे?"

"होजी."

जोवर होजी येत राहिलं तोवर तो काच चढवत राहिला. तो तरी काय करणार, गिऱ्हाईकच पुढे चल म्हणत होतं. शेवटी त्यालाच कंटाळा आला तेव्हा तो थांबला. बाबांनी विचारलं, "कितीचा निंगाला?" ताराचंद म्हणाला, पहिला अडीच होता, आता चार. बाबांची छाती फुगली. त्यांना वाटलं परीक्षेत चढतात तसे सुनेचे नंबर चढले. बैलगाडीत बसेपर्यंत त्यांनी भेटेल त्याला ते सांगितलं.

ही फुशारकी पुढच्याच बाजारात उतरली. आनंदराव म्हणून बाबांचे एक जुने ओळखीचे होते, पवनीत भांड्यांचं दुकान चालवायचे. त्यांनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मारोतराव, चढलेला नंबर उतरत नाही. चढत चढत एक दिवस पेटीतल्या काचा संपते. काचा संपल्या का मंग काठी."

त्या दिवशी परतताना बाबांनी कुणालाच नंबर सांगितला नाही.

मग त्यांनी जे काही केलं ते सगळं मायेपोटी केलं, आणि सगळं उलटं पडलं. कुणी मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला सांगितला, रोज मुंगण्याच्या पाल्याची भाजी. कुणी गाईचं लोणी सांगितलं, गाईचं लोणी. पहाटे दवात अनवाणी चालायला सांगितलं, तर वहिनी पुढे आणि दहा हात मागे बाबा, असे दोघं बांधीच्या धुऱ्यावरून चालायचे. बांधी म्हणजे आमच्या धानाच्या शेतातला एकेक तुकडा, आणि धुरा म्हणजे त्याची मातीची कड. बाबांनी चहाही सोडला. सुनेचा नंबर उतरल्याशिवाय चहाला तोंड लावणार नाही, असं देवासमोर बोलून मोकळे झाले. त्यांचा तो उपास आम्ही सगळ्यांनी भोगला. दुपार झाली की ते कशावरही खेकसायचे. आमची गायसुद्धा त्या वेळेला हंबरायला लागली होती, ते का हे मला फार पुढे कळलं.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी वहिनीला ताराचंदकडे नेणं चालू होतं, नंबर कुठवर आला ते पाहायला. इससे अच्छा? होजी. पाच झाला. इससे अच्छा? होजी. साडेपाच. त्यापुढच्या खेपेला ताराचंदच घाबरला आणि म्हणाला, "बाबूजी, मेरे पास अब दो-चार काँच ही बचे है."

बाबांनी ते ऐकलं. पदराखाली वहिनीनेही ऐकलं.

तोवर तिचं डोकं रोज दुखायला लागलं होतं. कपाळाला सुंठ लावून ती स्वयंपाक करायची. पुस्तकातली अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणायची. जमीन आहे तिच्यापेक्षा खाली दिसते म्हणायची, त्यामुळे उंबरठ्यावर तिचा पाय चुकायचा. गल्लीतली रुखमा पाण्याला आली की मायच्या कानाशी लागायची, "कौशल्याबाई, सून आंधळी होऊन राहिली म्हणते सारे." माय तिला हाकलून द्यायची आणि मग चुलीपाशी बसून डोळे पुसायची.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात वहिनीला दिवस गेले. घरात आनंद झाला, पण तो कुणी मोकळेपणाने केला नाही.

एका दुपारी मी मागच्या दारी गेले तर वहिनी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. चष्मा बाजूला, आणि डोळे मिटलेले. बोटांनी चाचपून एकेक खडा काढत होती. मी विचारलं, "काय करून राहिली वं?"

ती दचकली नाही. म्हणाली, "सवय करून राहिली."

"कायची?"

"पुढं लागन ना." मग ती म्हणाली, "निर्मला, लेकराचं तोंड पाहायलोक तं राहीन ना वं डोळे? मंग गेले तं गेले."

मला उठता-बसता नाही म्हणायची सवय, पण त्या प्रश्नाला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची हिंमत होईना. मी तिच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि खडे निवडायला बसले. डोळ्यांतल्या पाण्यामुळे मलाही खडे दिसत नव्हते.

पावसाळ्यात आमच्याकडे रोवणा सुरू झाला. गुडघाभर चिखलात बाया ओळीने धानाची रोपं लावत होत्या आणि वहिनी सगळ्यांची न्याहारी घेऊन धुऱ्यावरून येत होती. मी बांधीतून पाहत होते. तिने पाऊल टाकलं ते धुऱ्याच्या कडेला, आणि टोपल्यासकट ती चिखलात बसली. आम्ही सगळ्या धावलो. चिखल मऊ, तिला काही झालं नाही, पोटालाही धक्का बसला नाही. पण चष्मा गेला. रुखमासकट सगळ्या बायांनी हाताने बांधी चाचपली. सापडला तेव्हा एक काच फुटलेली होती आणि दुसरी नव्हतीच.

बाजाराचा दिवस लांब होता. वहिनीने ट्रंकेतून आपला माहेरचा जुना चष्मा काढला, ज्याची दांडी मोडली होती तो, आणि दांडीच्या जागी दोरा बांधून कानाला अडकवला.

तिसऱ्या दिवशी बोडीवर कपडे धुताना ती माझ्याजवळ सरकली. आमच्या शेताच्या पाण्यासाठीचं ते लहानसं तळं, तिथे त्या वेळी आम्ही दोघीच होतो.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "या चस्म्यानं मले चांगलं दिसून राहिलं. त्या धुऱ्यावरचे बगळे दिसते. डोकं नाही दुखून राहिलं."

"मंग रडून कायले राहिली?"

"दिवा विझाच्या आधी मोठा होते ना वं. तसं असन हे."

मी हातातला कपडा दगडावर आपटला. असली अक्कल होजी म्हणणाऱ्या माणसालाच सुचते. जुन्या काचेतून नीट दिसतं याचा अर्थ नव्या काचेत खोट आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिला वाटत होतं की डोळे शेवटचे उजळले आहेत. मी म्हटलं, बाबांना सांगते. ती म्हणाली, नको सांगू, मामाजींनी एवढ्या मायेने करून दिलेले चष्मे, त्यांना काय वाटेल. मी नाही म्हटलं आणि सरळ घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकलं. मग म्हणाले, "भंडाऱ्याले जाऊ. मोठ्या डाक्टरले दाखवू. काय असन ते एकदा कळू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने भंडाऱ्याला गेलो. डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे होते आणि तिरसट होते. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर अक्षरांचा उजेडाचा डबा, समोर उंच खुर्ची. वहिनीला खुर्चीत बसवलं. बाबा तिच्या शेजारी छत्री टेकून उभे राहिले, बाजारात राहायचे तसेच. पदर खाली आला. मी दाराशी.

डॉक्टरांनी आधी काही विचारलंच नाही. एका लहान आरशाने तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. फुटक्या चष्म्याचा उरलेला तुकडा आणला होता, तो तपासला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हा नंबर कुठून आणला?"

बाबा म्हणाले, "चढला जी. दर वेळी चढते."

डॉक्टरांनी तिच्या नाकावर सांगाडा ठेवला, एक काच घातली. "आता बरं दिसतं?"

"होजी."

दुसरी काच घातली. "आता?"

"होजी."

त्यांनी दोन्ही काचा काढल्या आणि रिकामा सांगाडा ठेवून विचारलं, "आणि आता?"

"होजी."

मग डॉक्टरांनी पेटीतून पत्र्याच्या दोन काळ्या चकत्या काढल्या. एक डोळा झाकून तपासताना लावतात त्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर एकेक चकती बसवली. आता तिला अंधाराशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं.

"आता बरं दिसतं का, बाई?"

वहिनीने हात मांडीवर घट्ट धरले. मग हळूच म्हणाली, "होजी."

मला हसू फुटलं. ते तोंडात पदर कोंबूनही आवरेना. आणि मग मला दिसलं की त्या काळ्या चकत्यांखालून पाणी तिच्या गालावर येत होतं. तिला वाटलं होतं, आलं, काचा संपल्यावर जे यायचं होतं ते आलं. आणि तरी तिने सासऱ्यासमोर नाही म्हटलं नव्हतं. माझं हसू जागच्या जागी मेलं.

बाबा त्या चकत्यांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना सगळं कळलं आहे. दरेक बाजार, दरेक काच, दरेक होजी त्यांच्या डोळ्यांपुढून चाललं होतं. डॉक्टर काही म्हणायच्या आधी त्यांनी छत्री उचलली. "म्या बाहेर बसतो जी," ते डॉक्टरांना म्हणाले. दारात थांबले, पण वळून पाहिलं नाही. तसेच पाठमोरे म्हणाले, "सूनबाई, पदर मागं घे. जे दिसते तेच सांगजो. म्या नाही इथं."

दार लागलं. डॉक्टरांनी चकत्या काढल्या आणि वहिनीच्या हातात कापसाचा बोळा दिला. "अंधार मीच केला होता," ते म्हणाले. आवाज तिरसटच होता पण सावकाश बोलत होते. "तुझ्या डोळ्यांनी नाही केला. इथे चुकीचं उत्तर नसतं. मी गुरुजी नाही, पास-नापास करत नाही. दोन काचा दाखवेन. दुसरी वाईट असेल तर वाईट म्हणायचं. म्हणशील?"

ती होजी म्हणणार होती. ते तोंडाशी आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं आणि पदर खांद्यावर घेतला. लग्नाला चार वर्षं होत आली होती, पण परक्या माणसासमोर तिचं सगळं कपाळ उघडं मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी आधी मुद्दाम सगळं धुरकट करणाऱ्या काचा घातल्या आणि मग एकेक कमी करत आणलं. "ही, का ही?"

"ही."

"आता ही, का ही?"

ती गप्प. डॉक्टर थांबले.

"नाही जी," वहिनी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात की डॉक्टरांनी कान पुढे केला. "ही नाही जी. आधीची बरी होती."

"शाबास. आणि ही?"

"नाही जी. यानं अक्षर नुसतं काळं होते, बारीक होते."

"ही?"

"नाही."

एकदा बांध फुटल्यावर पाणी काय थांबतं. तिने इतके नाही म्हटले की मला माझं काम गेल्यासारखं वाटलं. बाहेरच्या बाकावर बाबांना ते सगळं ऐकू जात होतं, कारण दार जुनं होतं आणि तिचा आवाज मोठा होत चालला होता.

मग डॉक्टरांनी खिडकी बंद करून तिच्या डोळ्यांच्या आत पाहिलं. पोटात मूल आहे म्हणून औषध टाकलं नाही, नुसता उजेड. सगळं झाल्यावर बाबांना आत बोलावलं.

"नंबर अडीच आहे," ते म्हणाले. "नागपूरला निघाला होता तेवढाच. आतला पडदा चांगला आहे. ही आंधळी होत नाही."

बाबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा पहिल्या हातात घेतली. "मंग तो साडेपाच कोनाचा होता जी?"

"तो होजीचा होता," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. जवान डोळ्यावर गरजेपेक्षा जास्त नंबर घातला तरी तो जोर लावून पाहून घेतो. म्हणून काच चुकली हे चटकन कळत नाही. पण तो जोर दिवसभर लावावा लागतो, आणि डोकं दुखतं ते त्या जोराने. वहिनीचे डोळे दोन वर्षं मूठ आवळून बसले होते, ती मूठ एकदम सुटेलच असं नाही. म्हणून पहिला चष्मा मधल्या नंबरचा देतो, आणि तो सवयीचा झाला की खरा. जुना दोऱ्याचा चष्मा चालत असेल तर तोही लावा. आणि तांदूळ निवडताना, शिवताना, वाचताना चष्मा काढूनच ठेवायचा, तेवढं जवळचं तिला बिनचष्म्याचंच दिसतं. "माझ्यापेक्षा चांगलं दिसतं," असंही म्हणाले.

"आन् तो अडीच कधी जाईन जी?" बाबांनी विचारलं.

"जाणार नाही. जातो म्हणून सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. अडीच नंबर घेऊन माणूस म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो. आणि यापुढे तपासायला आणाल तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं."

"होजी," बाबा म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. बाबा पुढे, आम्ही मागे. बाबांनी दोनदा रुमालाने तोंड पुसलं आणि ऊन फार आहे म्हणाले, आभाळ तर भरून आलं होतं. वहिनी दोऱ्याचा चष्मा लावून दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती. मोठ्याने. कापडाचं दुकान, पितळेची भांडी, सायकल दुरुस्ती. सासरा चार पावलांवर असताना.

स्टँडसमोरच्या टपरीवर बाबा थांबले. त्यांनी बाक धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "बस, सूनबाई." ती बसली. बाबा त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आमच्या गावाने पाहिलं असतं तर महिनाभर चघळलं असतं. "आता नंबर उतरला," बाबा म्हणाले, "आता चहा प्यायला हरकत नाही. तीन सांग रे बाबू. सूनबाई, घेशील ना?"

वहिनी समोर पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होते.

"नाही जी," ती म्हणाली.

बाबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"मले चहा आवडत नाही जी. मळमळते."

"आता मळमळत असन. दिवस गेले ना."

"नाही जी. पहिल्यापासून."

बाबांचे हात मांडीवर तसेच राहिले. "म्हणजे म्या रोज तुले द्यायचो, तो चहा तुले कधीच आवडला नाही?"

"होजी."

"मंग त्याचं करत काय होती?"

वहिनीने मान खाली घातली. पदराकडे हात गेला, पण तिने तो तिथेच थांबवला. "गाईच्या आंबोणात टाकत होती जी."

तेव्हा मला गाईच्या दुपारच्या हंबरण्याचा उलगडा झाला. त्या बिचारीलाही बाबांसोबत उपास घडला होता. आधी मी हसले. मग बाबा हसायला लागले. असे हसले की टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि या वेळी त्यांनी उन्हाचं नाव घेतलं नाही. "तुले काय पाहिजे मंग?" त्यांनी विचारलं.

वहिनीने थोडा विचार केला. असा प्रश्न तिला त्या घरात कुणी केलेला नव्हता. "भजे," ती म्हणाली.

पुसात, म्हणजे पौषात, धान घरी आल्यावर, पवनीला माहेरी वहिनीला मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळे गेलो. तोवर तिचा मधला चष्माही सुटला होता आणि खऱ्या अडीचचा लागला होता. डोकं दुखणं केव्हाच थांबलं होतं.

बाबा खोलीच्या दारात आले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. चष्मा खिडकीत काढून ठेवलेला. बाळ तिने दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी धरलं होतं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ. बाबांचा आवाज एकदम वर गेला.

"सूनबाई, चस्मा काहून काढला? दिसते का तुले पोरगी?"

"होजी."

बाबा त्या शब्दाला आता एवढ्या सहज बधत नव्हते. "खरं होजी, का नुसतं होजी?"

"खरं होजी," वहिनी म्हणाली आणि हसली. "हिच्या उजव्या कानापुढं बारीक छेद आहे जी. सुईच्या टोकाएवढा. कोनाले दिसला नाही, सुईणीलेही नाही. तुमच्याही कानापुढं आहे. त्या दिवशी चहाच्या टपरीवर पाह्यला म्या."

बाबांनी हात उजव्या कानाकडे नेला. चाचपून पाहिलं. इतकं बारीक बोटांना कुठे लागायला. बाळाकडे पाहिलं, परत कान चाचपला. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो कान पुढे केला.

"निर्मला, पाह्य बरं. खरंच आहे का वं?"

मी जन्मापासून त्या माणसाच्या मांडीवर, खांद्यावर वाढले होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. कानाच्या पुढे, केसांच्या रेषेला लागून, सुईच्या टोकाएवढा.

"होजी," मी म्हणाले.